संगणकाचा दुय्यम विषय आणि त्याची फी

मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत 2024-25 या वर्षापासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले. एक मुख्य विषय व त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय अशी त्यांची रचना आहे. इतिहास, अर्थशास्त्र अथवा वाणिज्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यास संगणकशास्त्र दुय्यम विषय म्हणून घेता यावे, ही कल्पना मुळात चांगली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि कल्पना व प्रवेशाच्या खिडकीवरील वस्तुस्थिती यांत अंतर असते, आणि कळव्यासारख्या वस्तीतून ते अधिक स्पष्ट दिसते.

कळव्याच्या मागील पिढीस भाकरी दिली ती सीमेन्सने, मफतलालने आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरील रासायनिक कारखान्यांनी. मफतलालचा कारखाना बंद पडला आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे न्यायालयात रखडली. त्याच रस्त्याने पुढे गेले की ऐरोलीला आज संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. सीमेन्स आहे, परंतु तेथील यंत्रेही आता संगणकाच्या आज्ञेने चालतात. तात्पर्य, ज्या कामगाराच्या मुलाला बापाच्या मागोमाग कारखान्यात जाण्याची वाट उरली नाही, त्याला नवी वाट संगणकावरूनच जाते. खाडी ओलांडून ठाण्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या कळव्याच्या विद्यार्थ्यास या वाटेवर काय मिळते?

या शतकाच्या प्रारंभी मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत माहिती-तंत्रज्ञान व संगणकशास्त्र यांचे पदवी-अभ्यासक्रम निघाले, ते बहुतांशी विनाअनुदानित तत्त्वावर. त्यांची फी कला शाखेच्या अनुदानित फीच्या कितीतरी पट. साहजिकच ज्यांच्या घरी पैसा होता त्यांनी संगणकशास्त्र शिकावे, उरलेल्यांनी 'एमएस-सीआयटी' करावे, अशी विभागणी कोणी ठराव न करताच होऊन गेली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ 2001 साली स्थापन झाले व त्याचा हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते संगणक वापरण्याचे शिक्षण आहे, समजून घेण्याचे नव्हे. टंकलेखनाच्या परीक्षेची जागा त्याने घेतली, इतकेच.

वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षास संगणक-प्रणालींचा एक ऐच्छिक विषय मुंबई विद्यापीठात पूर्वीही होता. विदासंच कसा रचावा, आकडेमोडीचे तक्ते कसे करावेत, हे त्यात असे. पण अखेरच्या वर्षी एक विषय एवढीच त्याची व्याप्ती. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जो आराखडा काढला, त्यात तीन वर्षांच्या 120 श्रेयांकांपैकी 24 दुय्यम विषयाला दिले आहेत. 15 तासांच्या व्याख्यानांचा एक श्रेयांक, या हिशेबाने ते 360 तास होतात. एवढ्या तासांत पुष्कळ शिकविता येईल. पण काय?

उत्तर विद्यापीठाच्याच इतिहासात आहे. 2017 च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत आणली. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा घ्यावयाच्या, त्या प्राध्यापकांकडे पाठवावयाच्या, आणि प्रत्येक प्रतिमेची विद्यार्थ्याच्या क्रमांकाशी जुळणी राखावयाची, असे ते काम. निकाल महिनोन् महिने लांबले, काही उत्तरपत्रिका सापडेनात, अनेकांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि अखेर ऑक्टोबर 2017 मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. त्याच वर्षी राज्याच्या कर्जमाफी योजनेत शेतकऱ्यांचे अर्ज आणि बँकांच्या याद्या यांचा मेळ बसेना. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली, पैसे मागे राहिले. दोन्ही ठिकाणी यंत्राने बंड केले नव्हते. दोन याद्या जुळविताना नावात, क्रमांकात चूक कोठे शिरते, आणि ती शोधण्याची सोय आधी करून ठेवावी लागते, हे साधे ज्ञान निर्णय घेणाऱ्यांपाशी कमी पडले. पदवीधराला हे ज्ञान हवे. मग तो इतिहासाचा असो की वाणिज्याचा.

आणि ते त्याला केवळ नोकरीसाठी नको आहे. शिधावाटप दुकानात झिजलेला अंगठा उमटत नाही म्हणून धान्य नाकारले जाते, घरोघरी जेवण पोचविणाऱ्या मुलाची मजुरी कोणत्या हिशेबाने ठरली हे त्याला कोणी सांगत नाही. अशा वेळी वस्तीत कोणी एक तरी असा हवा, की 'यंत्राने तसे सांगितले' या उत्तरावर तो थांबणार नाही. 1983 साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाबाबत व्यवस्थापनाशी करार केला. त्या काळच्या विरोधाची आज थट्टा होते, पण नोकऱ्यांबद्दलची भीती खोटी नव्हती आणि करार करणे शहाणपणाचेच होते. मात्र त्या वेळी वाटाघाटींचा विषय होता यंत्रे किती आणावयाची हा. आज यंत्राच्या आत कोणता नियम लिहिला आहे यावर वाटाघाटी कराव्या लागतील, आणि त्यासाठी तो नियम वाचता येणारी माणसे आपल्याकडे हवीत.

नव्या आराखड्यातील आणखी एका तरतुदीकडे लक्ष द्यावयास हवे. पहिल्या वर्षाचे 40 श्रेयांक व उन्हाळ्यातील 4 श्रेयांकांचा व्यवसाय-अभ्यासक्रम पूर्ण करून विद्यार्थी प्रमाणपत्रासह बाहेर पडू शकतो. तीन वर्षांच्या आत त्याला परत येण्याची मुभा आहे. कागदावर ही सवलत आहे. पण श्रीमंताचा मुलगा एका वर्षाने बाहेर पडत नसतो. बाहेर पडेल ती नाक्यावर काम करणाऱ्याची मुलगी, आणि घरची अडचण तीन वर्षांत मिटेलच असे नाही. तिच्या हातातील प्रमाणपत्राला ऐरोलीच्या इमारतीत कोणता मान मिळेल, याचा विचार झालेला दिसत नाही. पहिल्याच वर्षी तिला खरे काही शिकविले गेले, तरच त्या कागदाला काही अर्थ राहील.

भाषेची अडचण वेगळीच. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या विद्यार्थ्यासमोर इंग्रजी पुस्तक ठेवले की विषय अवघड नसून परका होतो. 'आज्ञावली', 'विदा', 'प्रणाली' हे शब्द मराठीत रुळले आहेत. इंग्रजी संज्ञा तशाच ठेवूनही मराठीत समजावून सांगता येते. त्यासाठी शिक्षक लागतो. आणि येथेच खरी गोम आहे. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिकामी राहतात व तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर वर्ग चालविले जातात. दुय्यम विषयासाठी नवे पद मंजूर होणार नसेल, तर विनाअनुदानित विभागातील शिक्षक काही तास उसना येईल आणि त्याच्या तासांची किंमत 'प्रयोगशाळा शुल्क' अशा एखाद्या नावाने विद्यार्थ्याच्या पावतीवर चढेल.

म्हणून जून महिन्यात प्रवेश सुरू होण्यापूर्वी आपल्या कार्यकर्त्यांनी ठाणे व कल्याण परिसरातील महाविद्यालयांत जाऊन माहिती गोळा करावी. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना संगणकाचा दुय्यम विषय प्रत्यक्षात मिळतो की फक्त माहितीपत्रकात छापला जातो, तो अनुदानित फीमध्येच शिकविला जातो काय, शिकविणारा पूर्णवेळ आहे काय, हे लेखी विचारावे. उत्तरे आली की ती घेऊन विद्यापीठाच्या अधिसभेतील सदस्यांना भेटावे. कळव्यातील पालकांची एक सभा शाळेच्या सभागृहात बोलावून फीच्या पावत्या तेथे मागवाव्यात. कोणत्या रकान्यात किती रक्कम घेतली, हे तेथेच समजेल.