मैदानावरच्या मनासाठी : यवतमाळ जिल्ह्यातील खेळाडूंचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा क्रीडा परिषद, यवतमाळ

विषय : शालेय व ग्रामीण खेळाडूंना मानसिक तयारीचे मार्गदर्शन आणि समुपदेशन मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही या जिल्ह्यातील खेळाडू, पालक आणि क्रीडाशिक्षक. कबड्डीच्या सरावात भल्याभल्यांच्या पकडी करणारा मुलगा जिल्हास्तर सामन्याच्या आदल्या रात्री झोपत नाही. सकाळचा डबा तसाच परत आणतो आणि चढाईला निघताना त्याचे पाय जड होतात. हरल्यावर त्याला ‘दम नाही’ एवढेच ऐकायला मिळते. अशी काही मुले पुढच्या हंगामात मैदानावर येतच नाहीत.

या धास्तीला कारण आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. एक सामना हरला की वर्ष संपते. शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला मोठा आधार वाटते. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांचे पोर घराची आशा अंगावर घेऊन खेळते.

भीतीने श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात. अंगवळणी पडलेली हालचाल खेळाडू विचार करकरून करू लागतो आणि ती बिघडते. श्वास लांब सोडणे, सामन्याआधीचा क्रम ठरवणे, चूक मागे टाकून पुढच्या क्षणावर येणे हे शिकवता येते. नाशिकचे निवृत्त पोलीस अधिकारी भीष्मराज बाम यांनी नेमबाज अंजली भागवतांसारख्या खेळाडूंना मार्गदर्शन केले आणि ‘विजयाचे मानसशास्त्र’ मराठीतच लिहिले.

आपल्या यवतमाळचे हॉकी गोलरक्षक आकाश चिकटे डिसेंबर २०१७ मध्ये भुवनेश्वरला बेल्जियमविरुद्धच्या शूटआऊटमध्ये उभे राहिले आणि भारत जिंकला. शूटआऊटमध्ये समोरच्याला ८ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात गोलरक्षकाला मन जागेवर ठेवावे लागते. त्याची तालीम झरी-जामणीच्या मुलीलाही मिळायला हवी.

मनाचे दुखणे दारात जाऊन विचारावे लागते, हे या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांच्या दुःखातून शिकले. शेतकऱ्यांच्या समुपदेशनाच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघर गेल्या. डॉक्टर आहेत, हेल्पलाइन आहे. त्यांची वाट मैदानापर्यंत आणायची आहे.

आमच्या मागण्या :

१. श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात महिन्यातून एक दिवस खेळाडूंसाठी राखावा. पुसद, वणी, पांढरकवडा येथे फिरती शिबिरे घ्यावीत.

२. हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यातील क्रीडाशिक्षकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे साहाय्य घ्यावे.

३. जिल्हास्तर स्पर्धांच्या ठिकाणी समुपदेशक आणि शांत खोली असावी. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक मैदानावर ठळक लिहावा.

४. आश्रमशाळांतील खेळाडूंशी कोलामी, गोंडी बोलणारा सहायक असावा. परक्या भाषेत भीती सांगता येत नाही.

५. शिक्षण हक्क कायदा २००९ ने ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत मारणे व मानसिक छळ करणे निषिद्ध केले आहे. तोच नियम सर्व वयोगटांसाठी मैदानावर लेखी लागू करावा; तक्रार ऐकणाऱ्यांत एक महिला असावी.

६. समुपदेशनातील माहिती निवड समितीपर्यंत जाऊ नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. नाव कापले जाईल या भीतीने मूल तोंड उघडणार नाही.

७. या कामासाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीत स्वतंत्र तरतूद करावी.

पदकांची हमी आम्ही देत नाही. हरलेले मूल दुसऱ्या दिवशी सरावाला परत यावे, एवढ्यासाठी हे मागतो. तालुकास्तर स्पर्धा सुरू होण्यापूर्वी आम्हाला बैठकीसाठी वेळ द्यावा आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
खेळाडू, पालक व क्रीडाशिक्षकांची संघटना, जिल्हा यवतमाळ

प्रतिलिपी : मा. पालकमंत्री, जिल्हा क्रीडा अधिकारी, प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, पांढरकवडा व पुसद