तिकीट कापण्यापूर्वी

दिवाळीच्या साफसफाईइतके निर्दय काम दुसरे नाही. वर्षभर ज्या वस्तूंना हात लावायला कुणी धजत नाही, त्या दसरा उलटला की एकाएकी डोळ्यांत खुपू लागतात. दांडा तुटलेली छत्री, पाय गेलेला पाट, चिरंजिवांच्या तिसरीतल्या वह्या असे एकेक माळ्यावरून खाली उतरते, आणि या सगळ्यांच्या तळाशी हमखास निघतो तो तारेच्या आकड्यात ओवलेला जुन्या पत्रांचा गठ्ठा. त्याचा निकाल बहुधा दोनच ठिकाणी लागतो: रद्दीवाल्याच्या तराजूत, नाही तर नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबात.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वाटेकरी असतो, तो म्हणजे घरातला तिकिटे जमवणारा मुलगा. तो कात्री घेऊन बसतो, पाकिटांचे कोपरे कापतो, ते बशीतल्या पाण्यात भिजत घालतो आणि सुटलेली तिकिटे वर्तमानपत्रावर वाळवतो. घरच्यांना त्याचे कौतुक वाटते. निदान काही तरी वाचले, असे ते म्हणतात. वाचकहो, आज मला बोलायचे आहे ते या कात्रीविषयी.

जगातल्या अत्यंत नामांकित तिकिटांत मॉरिशस बेटाच्या दोन तिकिटांची गणना होते. हे बेट हिंदी महासागरात, आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम पावपट. इंग्रजांनी ते १८१० साली फ्रेंचांकडून घेतले. १९६८ साली ते स्वतंत्र झाले, तरी १९९२ पर्यंत तिथे नावापुरते का होईना राणीचेच राज्य होते. तर या बेटावर २१ सप्टेंबर १८४७ रोजी एक पेनीचे नारिंगी आणि दोन पेन्सचे निळे अशी दोन तिकिटे निघाली. दोन्हींवर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा. पोर्ट लुई गावातल्या जोसेफ ऑस्मंड बर्नार्ड नावाच्या कारागिराने ती तांब्याच्या एका पत्र्यावर हाताने कोरली आणि प्रत्येकी पाचशे छापली. गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी लेडी गॉम यांनी नृत्यसमारंभाच्या निमंत्रणांवर त्यातली काही लावली, त्यामुळे या तिकिटांच्या जन्मालाच एक मेजवानीचा थाट आहे.

तिकिटाच्या डाव्या बाजूस ‘पोस्ट ऑफिस’ अशी अक्षरे आहेत. पुढच्या वर्षीच्या तिकिटांवर तिथे ‘पोस्ट पेड’ आले. यावरून बर्नार्ड बापडा विसराळू होता, त्याने चुकून भलतेच कोरले, अशी एक गोष्ट पुढे रचली गेली आणि ती आजही मोठ्या चवीने सांगतात. जाणकार ती मानत नाहीत. पण गोष्ट चांगली असली की ती मरत नाही, हे आम्हा भाषेच्या मास्तरांना वेगळे सांगायला नको.

त्या हजार तिकिटांपैकी आज सत्तावीसच ठाऊक आहेत. १८६४ साली बोर्दो शहरातल्या एका व्यापाऱ्याच्या पत्नीला, मादाम बोर्शार यांना, नवऱ्याच्या जुन्या पत्रव्यवहारात यांतली काही सापडली, आणि तेव्हापासून या तिकिटांमागे जग लागले. सापडलेली बहुतेक तिकिटे सुटी आहेत, म्हणजे पाकिटापासून केव्हाच वेगळी झालेली. अंगावर पत्रासकट राहिलेली अगदी थोडी. त्या थोड्यांतले एक पत्र आपल्या मुंबईला आलेले आहे.

ते १८५० सालचे. पोर्ट लुईहून निघाले, आणि पत्ता होता बॉम्बे ऑक्झिलियरी बायबल सोसायटीचे चिटणीस टॉमस जेरम यांचा. त्यावर एका पेनीची दोन तिकिटे शेजारी शेजारी लावलेली. जेरमसाहेबांनी ते वाचले असेल, उत्तर दिले असेल आणि विसरूनही गेले असतील. मग जवळजवळ अर्धे शतक ते पत्र कुठे पडून होते देव जाणे. १८९७ च्या सुमारास ते हिंदुस्थानातल्या एका बाजारात उगवले आणि पन्नास पौंडांना विकले गेले असे सांगतात. १९६८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच पत्राला तीन लाख ऐंशी हजार डॉलर आले. तेव्हाच्या भावाने ते साडेअठ्ठावीस लाख रुपये होतात.

आकडा ऐकून डोळे पांढरे होतात हे खरे, पण माझे लक्ष दुसरीकडे आहे. मधल्या त्या पन्नास वर्षांत हे पत्र एखाद्या हौशी मुलाच्या हाती पडले असते, तर त्याने काय केले असते? दोन तिकिटे कापून पाण्यात टाकली असती. ती तिकिटे तरीही मोलाची ठरली असती, नाही असे नाही. पण ती मुंबईला आली होती हे कुणाला कळले नसते. १८४७ साली छापलेली तिकिटे तीन वर्षांनंतरही वापरात होती, हे त्या पत्रावरून कळते. तेही कळले नसते. तिकीट आपली किंमत सांगते. ते कुठून निघाले, केव्हा निघाले आणि कुणाच्या दारी गेले, हे सांगायला शिक्का लागतो आणि पत्ता लागतो.

याच बेटाशी आपले आणखी एक नाते आहे. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबंद मजूर जाऊ लागले, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात आणि गणपती बसवतात. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुटी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत: नाव, बापाचे नाव, गाव, जहाज. सरकारने लिहिलेले हे सगळे राहिले. त्या माणसांनी स्वतः घरी काय कळवले असेल? बहुतेकांना अक्षर येत नव्हते. कुणाकडून तरी लिहवून घेतलेला एखादा कागद रत्नागिरीकडच्या कौलारू घरात आला असेलच, तर तोही एखाद्या दिवाळीच्या आधी बंबात गेला असेल.

पण इतक्या दूर जायचे कारण नाही. आमचे गाव धाड, बुलढाणा जिल्ह्यातले. (नाव ऐकून पुण्यामुंबईची मंडळी ‘कुणावर पडली?’ असे विचारतात. या विनोदाला आम्ही आता सरावलो आहोत.) धाड वऱ्हाडच्या काठावर. थोडे पुढे गेले की भोकरदनचा मुलूख लागतो, आणि तो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वऱ्हाड निजामानेच १८५३ साली इंग्रजांच्या हवाली केला, म्हणून इकडे टपाल इंग्रजांचे आणि पलीकडे निजामाचे. निजामाची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघाली. पुढच्या तिकिटांवर फारसीच्या जोडीला इंग्रजी, तेलुगू आणि आपली देवनागरी अक्षरेही असत. पण ती चालत फक्त राज्याच्या हद्दीत. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, आणि त्याच वऱ्हाडात निजामाच्या तिकिटाला कुणी विचारीत नसे! १९५० साली ते टपालखाते भारताच्या खात्यात मिळाले.

सरहद्द साहेबाने आखली, सोयरिकी काही तिने थांबल्या नाहीत. आमच्या वडिलांची थोरली बहीण पलीकडे दिलेली होती. तिचे एक पत्र घरात आहे. ‘इकडील दिवस बरे नाहीत, मुलांना तिकडे पाठवीत आहे, आपली म्हणून संभाळावी’ एवढाच मजकूर, आणि वर मिती आषाढ वद्य पंचमी. शक लिहिलेला नाही. तेव्हा लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच असे.

आता हे पत्र १९४७ च्या आषाढातले की १९४८ च्या? एका वर्षाने काय बिघडते, असे म्हणू नका. सत्तेचाळीसच्या आषाढात इंग्रज अजून जायचे होते. अठ्ठेचाळीसच्या आषाढात रझाकारांचा धुमाकूळ ऐन भरात होता, आणि सप्टेंबरात भारताची फौज हैदराबादेत शिरली. आत्याबाईंनी मुले पाठवली ती पुढचे ओळखून की डोळ्यांनी पाहून, हे त्या सालावर अवलंबून आहे. मुले तेव्हा लहान होती, त्यांना पक्के आठवत नाही. मोठी माणसे सगळी गेली. पाकिटावरच्या शिक्क्यात साल होते. पण घरातल्या कुणा हौशी मुलाने त्या पाकिटाचा कोपरा कापला, उरलेले पाकीट फेकले गेले आणि तिकीट धुऊन पुसून शेकडो तिकिटांत मिसळून गेले. त्यातले ते कोणते, हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. आमच्याकडे चार भावंडे जमली की या आषाढावरून अजून वाद होतो.

अशा गठ्ठ्यात काय नसते, तेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडीत, ते घराबाहेरच वाचीत आणि तिथेच फाडून टाकीत. त्यामुळे घराघरांतल्या गठ्ठ्यांत कुंकू लावलेल्या लग्नपत्रिका खंडीभर, मुलगा झाल्याची कार्डे, दावणीच्या बैलांच्या चौकश्या, पण गेलेल्यांची पत्रे नाहीत. जणू त्या घरात कुणी कधी गेलेच नाही.

तेव्हा यंदा गठ्ठा खाली आला, तर मुलाच्या हातातली कात्री तेवढी काढून घ्या, छंद राहू द्या. पाकीट आणि आतले पत्र यांची ताटातूट करू नये. कार्डावर पोहोचल्याचा दुसरा शिक्का असतो, तोही वाचून पाहावा. दोन तारखांमधले दिवस मोजायला मुलांना मोठी मौज वाटते, आणि पावसाळ्यात नदीने वाट अडवली की किती दिवस लागत, हे त्यांना पुस्तकावाचून कळते. आकड्याच्या तारेला गंज चढतो आणि तो कागदात उतरतो, म्हणून तार हलक्या हाताने काढावी. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडून कागदालाच खाते. प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करून आणण्याची जी हल्ली टूम आहे, तिच्यापासून तर जुन्या कागदाला दूरच ठेवावे. साध्या कागदाच्या लिफाफ्यात, उन्हापासून आणि ओलीपासून लांब, एवढे पुरे. आणि घरात अजून कुणी ऐंशीच्या घरातले असेल, तर फराळानंतर त्यांच्यापुढे एकेक पत्र धरावे, हे कुणाचे म्हणून विचारावे, आणि ते सांगतील ते वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून त्या पत्राबरोबर ठेवावे.