बिनपगारी इंटर्नशिप आणि चाचांचं कापलेलं जाळं

दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि मी किनारपट्टीच्या पर्यावरणावर काम करणाऱ्या एका संस्थेत दोन महिन्यांची इंटर्नशिप केली. संस्थेचं नाव इथे देत नाही. तिथली माणसं चांगली होती, कामही खरं होतं. जे खटकलं ते फक्त त्या एका संस्थेचं नाही. अशा बहुतेक ठिकाणी तेच चालतं, म्हणून लिहिते आहे.

माझं घर रत्नागिरीजवळ खाडीकाठी आहे. आजोबा तांडेल होते. अब्बू काही वर्षं खलाशी होते, मग आखातात गेले. चाचा अजून बोटीवर आहेत. समुद्राबद्दल मला जे काही येतं ते आधी घरात आणि नंतर कॉलेजात शिकले. तरीही इंटर्नशिपचा अर्ज भरताना पहिल्यांदा वाटलं की आपण परक्या दारात उभे आहोत. अर्ज इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, आणि एक प्रश्न असा : 'निसर्गाशी तुमचं नातं कधी जुळलं?' आमच्याकडे निसर्गाशी नातं जुळत नाही. वारा फिरला तर त्या दिवशी घरात पैसे येत नाहीत, एवढंच माहीत असतं. हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. 'लहानपणापासून समुद्राची आवड आहे' असं काहीतरी लिहून टाकलं.

माझी एक मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार. कांदळवनात फिरताना पानावरून झाड ओळखायची, चिखलातल्या बिळावरून चिंबोरी सांगायची. तिचीही निवड झाली होती. पण दोन महिने मानधन नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतःचा, असं कळल्यावर तिने नकार कळवला. सुट्टीत ती शिकवण्या घेते, त्यातून पुढच्या वर्षाची फी निघते. तिची जागा लगेच भरली गेली. तिच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही, कारण कुणाला काही कळलंच नाही. बिनपगारी इंटर्नशिप अशीच निवड करते. 'तू गरीब आहेस, येऊ नकोस' असं कुणी म्हणत नाही. गरीब मूल स्वतःच मागे फिरतं आणि यादीत त्याची नोंदही राहत नाही.

मी जाऊ शकले, कारण संस्थेच्या कार्यालयाजवळ मावशीचं घर होतं आणि एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे माझी पात्रता काय होती? मावशी आणि अर्धं तिकीट.

आता कामाबद्दल. किनारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कासवं येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. तिथे २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे ते काम कोकणातल्या इतर किनाऱ्यांवरही पसरलं. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला दीडेक महिना किंवा थोडा जास्त काळ लागतो. पण माद्या किनाऱ्यावर येतात त्या मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या आम्हा सहा जणांच्या वाट्याला आले ते सर्व्हे आणि संगणकावर आकडे भरणं.

सर्व्हे मच्छीमारांचा होता. जाळ्यात कासव अडकतं का, अडकलं तर काय करता, अशी प्रश्नावली. पुण्या-मुंबईचे मित्र मेहनती होते, पण जेटीवर त्यांना दोन-तीन शब्दांत उत्तरं मिळायची. 'नाही.' 'माहीत नाही.' 'शेठला विचारा.' आमच्या मोहल्ल्यांत तर त्यांना कुणी बसाही म्हणेना. त्याचं कारणही आहे. हातात कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे एकतर दंड करणारा, नाहीतर कागदपत्रं मागणारा, हा लोकांचा अनुभव. मग मला पुढे केलं गेलं. कुणाची पोरगी, कुणाची नात, एवढं कळल्यावर चहा आला आणि लोक बोलू लागले.

सगळ्यात जास्त बोलले ते माझे चाचाच. आदल्या हंगामात त्यांच्या जाळ्यात मोठं कासव अडकलं होतं. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, पाण्याखाली अडकून राहिलं तर गुदमरून मरतं. चाचांनी जाळं कापलं आणि कासव सोडलं. जाळ्याचं नुकसान झालं, मालकाची बोलणी खावी लागली. मी विचारलं, 'चाचा, सरकार याची भरपाई देतं, माहीत नव्हतं?' त्यांना माहीत नव्हतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८पासून अशी योजना आहे. संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. मात्र त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओचा पुरावा द्यावा लागतो. चाचा हसले. म्हणाले, 'पोरी, कासव तडफडत होतं. मी मोबाईल शोधू की सुरी?'

दोन महिन्यांच्या शेवटी अहवालाचा मसुदा आला. त्यात एक वाक्य होतं : स्थानिक मच्छीमारांमध्ये सागरी जीवांच्या संरक्षणाबाबत जागरूकतेचा अभाव आहे. मी ते तीनदा वाचलं. स्वतःच्या खिशाला चाट लावून कासव सोडणाऱ्या माणसाला जागरूकता नाही, आणि त्याच्यासाठीची योजना इतक्या वर्षांत त्याच्या जेटीपर्यंत न पोहोचवणाऱ्या आपल्या सगळ्यांना आहे? मी तसं बोलले. आवाज थरथरत होता. समन्वयक ताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, 'मग काय लिहायचं ते तू लिही.' ते वाक्य बदललं. माझ्या इंटर्नशिपची खरी कमाई ती, प्रमाणपत्र नव्हे.

शेवटच्या आठवड्यात आम्ही अजून एक काम केलं. योजनेची माहिती सोप्या मराठीत एका पानावर लिहिली आणि जेटीवर मोठ्याने वाचून दाखवली, कारण बरेच जुने खलाशी वाचत नाहीत आणि काही तर नेपाळहून आलेले आहेत. एकाने बोटीवर फोटो काढायचा, दुसऱ्याने जाळं कापायचं, हे तिथेच ठरलं. १ जूनपासून मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या गेल्या, आणि पुढचे दोन महिने जाळी विणत बसलेल्या माणसांमध्ये त्या पानाची चर्चा चालू राहिली. हे काम प्रश्नावलीत कुठेच नव्हतं. ते झालं, कारण त्या सहा जणांत एक मोहल्ल्यातली होती. माझी मैत्रीणही असती तर दोघी असतो.

म्हणून मानधनाचा प्रश्न हा दयेचा प्रश्न नाही, कामाच्या दर्जाचा आहे. संस्था म्हणतात, 'आमच्याकडे पैसे नाहीत.' लहान संस्थांची ओढाताण मी पाहिली आहे, ती खोटी नाही. पण देणगीदाराला पाठवायच्या अंदाजपत्रकात कार्यशाळेच्या नाश्त्याला रक्कम असते, बॅनरला असते. मग इंटर्नच्या प्रवास-जेवणाला का नसावी? सहा बिनपगारी घेण्याऐवजी तीन जण मानधनावर घ्या. राज्य सरकारच्या २०२४च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास तरुणाला महिना सहा हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरलं. म्हणजे शिकता शिकता केलेल्या कामालाही मोल असतं, हे सरकारने मान्य केलं आहे. किनारा वाचवणाऱ्यांनी त्याच्या मागे का राहावं? आणि नवीन शैक्षणिक धोरणामुळे इंटर्नशिप आता हौस राहिलेली नाही, ती अभ्यासक्रमात श्रेयांकासह आली आहे. जे सक्तीचं होतं ते ऐपतीवर सोडता येत नाही.

काही जण म्हणतात, ज्याला खरी तळमळ आहे तो पैशाविना येईल. हे बोलणाऱ्याच्या घरचं भाडं बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी भरत असतं.

आता थोडं आपल्या घरात बघू. आपल्या समाजात शिक्षण फंड आहेत, जमातींचे ट्रस्ट आहेत. ते फी भरतात, वह्या देतात, चांगलं करतात. पण 'दोन महिने खाडीच्या अभ्यासाला जाते, खर्च द्याल का?' असं विचारलं की समोरचा गोंधळतो. डॉक्टर, इंजिनीअर, नाहीतर आखात, याच्या पुढे आपली यादी जात नाही. पर्यावरण हा शहरातल्या, खात्यापित्या लोकांचा छंद असं आपण धरून चाललो आहोत. जून २०२०मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हा पत्रे कुणाचे उडाले? बोटी कुणाच्या फुटल्या? मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये निकाल दिला की कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो हक्क सगळ्यात आधी खाडीकाठच्या माणसाचा आहे. आणि त्याच कांदळवनात आपल्याच मोहल्ल्यातला प्लास्टिक कचरा अडकलेला असतो, हेही आपणच बोललं पाहिजे. एका लग्नातल्या एका जादा पदार्थाच्या खर्चात एका मुलीची इंटर्नशिप होते. हा हिशेब मशिदीच्या आवारात, शादीखान्यात, कुठेही मांडायला मी तयार आहे.

मुलींच्या घरच्यांची काळजी मी समजू शकते. माझ्या अम्मीनेही रोज दोनदा फोन केला. काळजीला उत्तर म्हणजे बंदी नव्हे, चौकशी. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकांनाही लागू आहे, तुम्ही बिनपगारी असलात तरी. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. विचारा, समितीवर कोण आहे? रात्री किनाऱ्यावर गस्त असेल तर सोबत कोण, परतायला गाडी कोणाची? जी संस्था अशा प्रश्नांनी चिडते तिथे जाऊ नका. जी नीट उत्तर देते तिथे अम्मीला घेऊन जा आणि कार्यालय दाखवा.

आणि मित्रमैत्रिणींनो, अर्ज करताना मानधन विचारायला लाजू नका. अर्ज मराठीत चालेल का, हेही विचारा. मुलाखतीत निसर्गाशी नातं विचारलं, तर आजोबांच्या बोटीबद्दल सांगा, नानीबरोबर ओहोटीला मुळे काढायला गेला होतात ते सांगा. मी ते सांगितलं नाही, कारण ते मला ज्ञान वाटलंच नव्हतं.

माझी मैत्रीण यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मध्ये एक वर्ष फीमुळे गेलं. त्याच संस्थेने या उन्हाळ्यासाठी दोन जागा मानधनासह काढल्या आहेत, अर्ज मराठीतही घेत आहेत. ती म्हणते, शिकवण्यांचं काय? मी म्हटलं, मानधन शिकवण्यांपेक्षा थोडं कमी आहे, उरलेले आपण मोहल्ल्यातून उभे करू. फंडाच्या सदरसाहेबांना भेटायला शुक्रवारी नमाजनंतर जायचं ठरलं आहे. चाचा सोबत येणार आहेत. कापलेलं जाळं त्यांनी अजून ठेवलं आहे, तेही घेऊन येतो म्हणाले.