मचूळ पाण्यातला फुगोबा

दोस्तांनो, हिरव्या पाठीवर काळे ठिपके असलेला, डोळे गरगर फिरवणारा चिमुकला मासा दुकानात कधी पाहिलात? तो पफर! घाबरला की पोटात पाणी भरून टम्म फुगतो. कोकणात अशा माशांना केंड म्हणतात.

हा ठिपकेवाला मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या खाड्यांमधला. तिथे नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी मिसळून मचूळ होतं. दुकानात बहुधा त्याला गोड्या पाण्यात ठेवतात. पण कायम तसंच ठेवलं, तर तो हळूहळू खंगतो.

म्हणून आधी पाणी, मग मासा!

दुकानातला बोटाच्या पेराएवढा मासा पुढे 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तेव्हा टाकी निदान सव्वाशे लिटरची हवी. तळाशी शंख-शिंपल्यांचा चुरा घाला. मीठ मात्र स्वयंपाकघरातलं नको! मत्स्यपेटीसाठी मिळणारं सागरी मीठच आणा. दहा लिटरच्या बादलीत साधारण 70 ग्रॅम मीठ विरघळवा आणि हायड्रोमीटर बुडवून बघा. काटा 1.005च्या आसपास आला, की झालं मचूळ पाणी! मासा वाढेल तसा खारेपणा थोडा थोडा वाढवायचा.

आता फिल्टर सुरू करा आणि थांबा! रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून विषारी अमोनिया होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले, की मगच मासा आणायचा. एकच हं! हा स्वारी भांडकुदळ, शेजाऱ्यांचे पर-शेपट्या कुरतडतो.

त्याचे दात सतत वाढतात. ते झिजावेत म्हणून छोट्या गोगलगायी, सालासकट कोलंबी द्या. गंमत म्हणून त्याला फुगवू मात्र नका. पाण्याबाहेर काढलं तर पोटात हवा अडकून जीवही जाऊ शकतो.

आणि हो, केरळच्या नद्यांतला पिटुकला पफर वेगळा. तो गोड्या पाण्यातलाच, त्याला मीठ नको! तेव्हा पिशवी हातात घेण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘काका, हा नेमका कुठला पफर?’ आणि घरी आई-बाबांना विचारा, ‘एवढी टाकी मावेल ना?’ दोन्ही उत्तरं मिळाली, तरच फुगोबाला घरी आणा.