यंत्र म्हातारे झाले, की दुभाष्या गैरहजर आहे?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद केला. पुष्कळसे जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे अनेक शाळांप्रमाणे आपल्यापुढेही प्रश्न उभा आहे : संगणक कक्षातील जुनी यंत्रे भंगारात काढावीत, की त्यांवर लिनक्स बसवावे? केरळमधील सरकारी शाळांत लिनक्सवर शिक्षण कित्येक वर्षे चालू आहे, तेव्हा हा काही नवखा प्रयोग नव्हे. तरीही एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘विंडो सरकवली की अडखळते, व्हिडिओ तुटक दिसतो, यंत्र म्हातारे झाले.’ असा निकाल देण्यापूर्वी एक तपासणी झालीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थोडे गणित करू. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, तर १२ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदू रंगवावे लागतात. हे काम ग्राफिक्स चिपचे. तिच्यात लहान लहान गणकांची फौज एकाच वेळी कामाला लागते. हेच ओझे मुख्य प्रोसेसरवर पडले, तर इतर कामे सांभाळता सांभाळता तो थकतो. लिनक्स आणि चिप यांच्यात बोलणे घडवून आणणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्या गैरहजर असला तरी पडद्यावर चित्र येतेच, आणि फसगत होते ती येथेच. सारे ठीक आहे असे वाटते, पण राबत असतो एकटा प्रोसेसर.

हे ओळखणे सोपे आहे. टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ ही आज्ञा दिली की ‘रेंडरर’ शब्दाची एक ओळ दिसते. तेथे इंटेल, एएमडी वगैरे चिपचे नाव असेल तर ठीक. ‘एलएलव्हीएमपाइप’ असे असेल, तर चित्र प्रोसेसरच काढत आहे.

याचे एक नेहमीचे कारण सांगतो. लिनक्स बसवताना पडदा काळा पडला, की लोक सुरक्षित ग्राफिक्सचा पर्याय निवडतात. त्याने सुरुवातीच्या आज्ञेत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला जातो. कधी कधी तो तेथे तसाच राहून जातो आणि चिपचा खरा ड्रायव्हर सुरूच होत नाही. इंटेल व एएमडीचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आणि मेसा या मुक्त प्रकल्पात असतात. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आजही चालू आहे. म्हणून अशा यंत्रांत तो एक शब्द काढणे व प्रणाली अद्ययावत करणे बहुधा पुरते.

एनव्हिडिया कार्डांची गोष्ट जरा निराळी आहे. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर कार्डाच्या पिढीनुसार निवडावा लागतो. जुन्या कार्डांच्या ३४० मालिकेचा आधार २०१९ अखेर व ३९० मालिकेचा २०२२ अखेर संपला. अशा कार्डांसाठी ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर वापरावा, अथवा मदरबोर्डवर इंटेलची चिप असल्यास कार्ड काढून पडद्याची तार तेथे जोडावी. नव्या कार्डांसाठी ड्रायव्हर संकेतस्थळावरून हाताने न उतरवता लिनक्सच्या ड्रायव्हर व्यवस्थापकातूनच घ्यावा. मग गाभा अद्ययावत झाल्यावर गडबड होण्याची भीती कमी राहते. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर ड्रायव्हरची किल्ली नोंदवावी लागते. नाही तर तो बसूनही चालत नाही.

काही पालक म्हणतील, ‘एवढी खटपट मुलांनी कशाला करायची? मेकॅनिकला बोलवा.’ आमचे उत्तर असे, की संगणकाचे खरे शिक्षण याच खटपटीत आहे. यंत्र मंद का आहे हे शोधणे, कारण तपासणे, दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणे, ही तर विज्ञानाचीच पद्धत झाली. शिवाय स्टेलेरियमवर तारांगण पाहायचे किंवा जिओजेब्रात घनाकृती फिरवायची, तर ग्राफिक्स चिप चालू हवीच.

ड्रायव्हर हा सर्व रोगांवरचा उपाय नाही, हेही सांगितले पाहिजे. मेमरी अपुरी असेल किंवा हार्ड डिस्क खराब होत आली असेल, तर तेथे खर्च करावाच लागेल. पण तो खर्च कारण कळल्यावर व्हावा.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. तपासणी होऊन रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय एकही संगणक भंगारात जाऊ नये. ही तपासणी नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली, आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून करावी. कार्यालयातील यंत्रांना मात्र हात लावू नये. आणि पुढील खरेदीच्या वेळी विश्वस्तांनी किमतीबरोबर ‘ग्राफिक्स चिप कोणती, तिचा लिनक्स ड्रायव्हर चालू आहे ना?’ हेही विचारावे.

शाळेचा पैसा हा समाजाचा पैसा आहे. तो नव्या खोक्यांवर घालण्यापूर्वी जुन्या खोक्यात काय दडले आहे, हे आपल्याच मुलांना पाहू द्यावे, एवढीच विनंती.