सातव्या जागेची वाट

वाचकहो, वनस्पतिशास्त्राच्या विभागात प्राध्यापकाची जागा निघाली, तर आपली पाळी कितवी, हे कधी मोजले आहे काय? 2017 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने राखीव जागांसाठी विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक मानला. मार्च 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसाच हुकूम काढला. 13 बिंदूंच्या त्या नामावलीत अनुसूचित जातीला सातवी जागा! ज्या विभागात प्राध्यापकच दोन-तीन, तेथे सातवा केव्हा यावयाचा?

लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा 2019 साली संसदेने कायदा करून केंद्रीय विद्यापीठांत पुन्हा संपूर्ण संस्था हा घटक ठरविला. जागा राखली गेली. दाराची किल्ली मात्र निवड समितीपाशीच राहिली. थोडा वेळ मुलाखत, आणि शेरा : 'योग्य उमेदवार नाही.' मूठभर बियाण्याची उगवणशक्ती ठरवावयाची, तर हेच शास्त्रज्ञ शेकडो दाणे ओलाव्यात ठेवून दिवस मोजीत बसतात. डॉक्टरेट घेऊन आलेल्या माणसाला नापीक ठरविण्यास त्यांना एक दुपार पुरते!

म्हणून अर्जदार तरुणांनो, असा शेरा पडताच गप्प बसू नका. किती उमेदवार आले, कोणास किती गुण दिले, नाकारण्याची कारणे कोणती, हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी मागा.