गाठ काढली, पुढे काय?

मैत्रिणींनो, मी उंद्री परिसरात काम करते. कॅन्सरची बाई ‘वाचली’ की इथे सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होतं, केमो होते. बाई घरी येते, पुन्हा चुलीपुढे बसते. तिला झोप का लागत नाही, हे कुणीच विचारत नाही.

स्तन किंवा गर्भाशय काढलेल्या बाईला ‘आता काय उरलं’ असं ऐकवतात. नवरा तोंड फिरवतो, ताट वेगळं होतं, कर्जाचा बोल तिलाच लागतो. ‘आपण घराला भार’ ही भावना नुसत्या आजारातून येत नाही, अशा वागणुकीतून रुजते.

स्वीडनमधल्या २०१२ च्या अभ्यासात, निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कॅन्सर नसलेल्यांच्या बारापटींहून जास्त आढळला. पुढे तो ओसरला, तरी वर्षभर राहिला. आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांची यादी होते. सातबारावर नाव नसलेली, शेतात राबणारी बाई त्या यादीत कुठून येणार?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे. तो प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर छापला पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू. पण तेवढ्याने भागणार नाही. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असं तिला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावा. बचत गटात तिची जागा राखा. शरीर वाचवलं, आता माणूस वाचवू या.